बीएस्सीच्या शिक्षकांना फ्लिप्ड क्लासरूमसाठी कसं तयार करायचं?

आयक्यूएसी_तालुका

तालुक्याच्या ठिकाणचं अनुदानित महाविद्यालय. फिजिक्स, केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी मिळून १४ शिक्षक, त्यातले सहा सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासिका तत्त्वावर नेमलेले). पुढच्या सत्रापासून एफवाय-एसवायला फ्लिप्ड क्लासरूम सुरू करायचं असं ठरलंय आणि आयक्यूएसी (महाविद्यालयाचा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) म्हणून शिक्षकांची तयारी करून घेण्याचं काम माझ्याकडे आलंय. मुलांनी मूळ संकल्पना घरून बघून यायची आणि वर्गात प्रश्न-चर्चा-गणितं करायची, एवढी व्याख्या सगळ्यांना माहीत आहे. ती पुन्हा नको.

परिस्थिती अशी: एफवायला ११० मुलं, तास ४८ मिनिटांचा, बाक जमिनीला पक्के, प्रोजेक्टर दोनच खोल्यांत. निम्मी मुलं एसटीने ये-जा करतात. फोन बहुतेकांकडे आहे, रेंजचा भरवसा नाही. बारावीपर्यंत बरीचशी सेमी इंग्रजीतून, काही पूर्ण मराठी माध्यमातून आलेली.

विचारायचं आहे ते हे. एक दिवसाची कार्यशाळा पुरेल का? व्हिडिओ स्वतः करायचे की तयार वापरायचे? आणि सगळे शिक्षक पहिल्यांदा हेच विचारतात: मुलं काही न बघताच आली तर त्या तासाचं करायचं काय?

लंबक

एक दिवसाची कार्यशाळा अजिबात करू नका. दीपप्रज्वलन, दोन तास पीपीटी, जेवण, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो. व्याख्यान कमी करा हे व्याख्यान देऊन सांगितलं की कुणी मनावर घेत नाही.

आधी शिक्षकांनाच विद्यार्थी करा. बैठकीच्या तीन दिवस आधी चौदाही जणांना सात मिनिटांचा एक व्हिडिओ आणि चार प्रश्नांचा गुगल फॉर्म पाठवा. विषय असा हवा की तुमच्याकडच्या एकाही विभागाचा नसेल. भूगर्भशास्त्र तुमच्याकडे दिसत नाही, म्हणून भूकंपाचं केंद्र शोधणं घ्या. व्हिडिओत एवढंच: पी लहरी आधी पोचतात, एस लहरी मागून, दोन्हींमधल्या सेकंदांना साधारण ८ ने गुणलं की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं, तीन भूकंपमापन केंद्रांभोवती त्या-त्या अंतराची वर्तुळं काढली की ती जिथे एकत्र येतात तिथे भूकंप.

बैठकीत चार-चारच्या गटांना महाराष्ट्राचा प्रमाणबद्ध नकाशा, कंपास आणि तीन आकडे द्या: कोल्हापूर १२ सेकंद, पुणे १६, सोलापूर २९. म्हणजे ९६, १२८ आणि २३२ किलोमीटर. वर्तुळं कोयनानगरच्या आसपास येऊन मिळतात. मग अवघड प्रश्न टाका: पुण्याचं घड्याळ चार सेकंद पुढे असतं तर उत्तर बिघडलं असतं का? (नाही. दोन्ही लहरींची वेळ त्याच घड्याळावर मोजली आहे, फरक तोच राहतो.) या प्रश्नावर प्राध्यापक मंडळी आवाज चढवून वाद घालतात. वर्गात जे व्हायला हवं ते हेच.

दोन-तीन जण व्हिडिओ न बघता येतीलच. त्यांच्यासाठी तो परत लावू नका आणि समजावूनही सांगू नका. ते शेजाऱ्याला विचारतात आणि दहा मिनिटांत कामाला लागतात. तुमचा तिसरा प्रश्न इथेच सुटतो. मुलं बघून आली नाहीत म्हणून शिक्षकाने फळ्यावर तोच भाग पुन्हा शिकवला, की बघून आलेल्या मुलांना कळतं की घरचं काम फुकट गेलं. पुढच्या तासाला तीही बघत नाहीत आणि दोन आठवड्यांत गाडी मूळ पदावर येते. जास्तीत जास्त पाच मिनिटांची उजळणी, तीही फॉर्ममधली चुकलेली उत्तरं समोर ठेवून.

पुढचं वेळापत्रक सहा आठवड्यांचं धरा. पहिल्या सत्रात चौदाही जणांना उतरवू नका. तयार असलेले चार-पाच जण घ्या आणि शक्यतो एका विभागातले दोघे. प्रत्येकाने एकच घटक निवडायचा, तीन किंवा चार तासांचा. अख्खा पेपर फ्लिप करायला घेतला की तिसऱ्या आठवड्यात व्हिडिओ संपतात आणि माणूस दमतो. पहिले दोन आठवडे फक्त वर्गात विचारायचे प्रश्न लिहायचे आणि एकमेकांचे तपासायचे. तिसऱ्यात व्हिडिओ किंवा वाचन तयार करायचं. चौथ्या-पाचव्यात प्रत्यक्ष तास, जोडीदाराने मागे बसून बघायचा. सहाव्यात दुरुस्ती. क्रम मुद्दाम असा आहे. आधी व्हिडिओ करायला बसलं की सगळा वेळ व्हिडिओच खातो आणि वर्गासाठी 'चर्चा करा' एवढाच शब्द उरतो.

मागे बसणाऱ्याच्या हातात कोपस नावाचा तक्ता द्या. तो २०१३ साली विज्ञान विषयांच्या वर्गनिरीक्षणासाठीच प्रसिद्ध झाला. दर दोन मिनिटांनी नोंद करायची: मुलं काय करताहेत (ऐकताहेत, गटात बोलताहेत, प्रश्न विचारताहेत) आणि शिक्षक काय करतोय. शेरा नाही, गुण नाहीत. ४८ मिनिटांत २४ चौकटी भरतात आणि 'मी तर फारसं बोललोच नाही' म्हणणाऱ्याला १७ चौकटींत 'व्याख्यान' दिसतं. हे कागद प्राचार्यांकडे जाणार नाहीत, हे आधी लेखी ठरवून घ्या. नाहीतर कुणी कुणाला वर्गात बसू देणार नाही.

सीएचबीच्या सहा जणांबद्दल. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, व्हिडिओ करायला बसलेल्या रात्रीचे नाही. त्यांच्यावर नवीन साहित्य बनवण्याचं काम टाकू नका. कायम शिक्षकाने बनवलेला व्हिडिओ आणि वर्गाचा कागद त्यांना द्या, त्यांनी फक्त तास चालवावा.

टायट्रेशन

वरच्या क्रमाला शंभर टक्के अनुमोदन. 'वर्गात विचारायचे प्रश्न' म्हणजे नक्की काय, यावर शिक्षक अडतात, म्हणून एक पूर्ण तास मांडते. एफवाय केमिस्ट्री, बफर द्रावणं.

घरी: पहिला व्हिडिओ ६ मिनिटांचा, दुर्बल आम्ल आणि त्याचा क्षार एकत्र असले की पीएच का टिकतो. दुसरा ७ मिनिटांचा, हेंडरसन-हॅसलबाल्ख समीकरणाची सिद्धता. वहीत एक पान: सिद्धता स्वतः लिहायची. फॉर्ममध्ये चार प्रश्न. दिलेल्या जोड्यांपैकी बफर कोणता, आम्ल आणि क्षार समान असतील तर पीएच किती, क्षार आम्लाच्या दहापट असेल तर किती (ॲसिटिक आम्लाचा पीकेए, म्हणजे त्याची तीव्रता सांगणारा आकडा, ४.७६ धरून ५.७६), आणि चौथा, 'कुठला भाग डोक्यावरून गेला ते दोन ओळींत लिहा'. फॉर्म आदल्या रात्री नऊला बंद. शिक्षकाने ११० फॉर्म वाचायचे नाहीत. पहिल्या तीन प्रश्नांचे आलेख बघायचे, चौथ्यातली २५-३० उत्तरं चाळायची. वीस मिनिटांचं काम.

वर्गात हजेरी तोंडी घेऊ नका, ११० नावांत सात-आठ मिनिटं जातात. तासाच्या शेवटी गोळा होणारी चिठ्ठी हीच हजेरी.

पहिली पाच मिनिटं फॉर्ममधल्या चुका. मग प्रश्न: हा बफर पाणी घालून दहापट पातळ केला तर पीएच किती होईल? अ) एकाने वाढेल, ब) एकाने घटेल, क) जवळजवळ तेवढाच राहील, ड) ७ होईल. एक मिनिट एकट्याने विचार, बोलायचं नाही. सगळ्यांनी एकदम उत्तर दाखवायचं. मग शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटं चर्चा, ज्याचं उत्तर वेगळं आहे त्याच्याशीच. पुन्हा उत्तर दाखवायचं. ही पद्धत हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात फिजिक्सच्या मोठ्या वर्गांसाठी रूढ केली. तिचा ढोबळ नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तरच चर्चेत अर्थ. त्याहून कमी असतील तर वर्गाजवळ चर्चेला भांडवलच नाही, एक इशारा देऊन पुन्हा विचारा. जास्त असतील तर पुढे चला.

इथे 'अ'ला भरपूर मतं पडतात. बारावीत एचसीएल दहापट पातळ केलं की पीएच एकाने वाढतो हे पाठ झालेलं असतं, मुलं ते इथे लावतात. चर्चेत कुणीतरी म्हणतं की समीकरणात गुणोत्तर आहे, दोन्ही सारखेच पातळ झाले. लगेच पुढचा प्रश्न: मग पातळ बफर तेवढंच आम्ल पचवेल का? नाही. पीएच तोच, क्षमता एक दशांश. हा फरक व्याख्यानात दहादा सांगून उतरत नाही.

त्यानंतर वीस मिनिटं गटाने कागद सोडवायचा. १०० मिली बफर, आम्ल आणि सोडियम ॲसिटेट दोन्ही ०.१ मोलर. १ मोलर एचसीएल १ मिली घातलं. दोन्ही घटक १० मिलिमोल, एचसीएल १ मिलिमोल आलं, म्हणून ॲसिटेट ९ आणि ॲसिटिक आम्ल ११. पीएच ४.७६ वरून ४.६७. तेवढंच एचसीएल १०० मिली साध्या पाण्यात घातलं तर पीएच २ च्या जवळ. दोन चुका ठरलेल्या: ॲसिटेटमधून वजा करण्याऐवजी आम्लातून वजा करणं, आणि मिलिमोल न काढता मोलरता सरळ समीकरणात टाकणं. बाकांमधून फिरताना याच दोन बघायच्या.

शेवटचं उपगणित खरं महत्त्वाचं: १ मिलीऐवजी ११ मिली एचसीएल. मुलं सूत्रात भरतात, वर उणे १ आणि खाली २१ येतात, आणि कॅल्क्युलेटर एरर दाखवतो. त्या क्षणी काही सांगू नका, तीन मिनिटं थांबा. ॲसिटेट संपलं, बफर मोडला, आता १ मिलिमोल एचसीएल १११ मिलीमध्ये सुटं आहे आणि पीएच साधारण २.०५, हे एखादा गट शोधून काढतोच. सूत्र कुठे लागू नाही हे यंत्राने सांगितलेलं जास्त पटतं.

शेवटची पाच मिनिटं चिठ्ठी. एक छोटं गणित, नाव, हजेरी क्रमांक.

असा एक कागद बनवायला पहिल्यांदा तीन-चार तास लागतात, व्हिडिओपेक्षा जास्त. प्रशिक्षणाचा वेळ यालाच द्या.

कॉलर_माइक

मी फक्त व्हिडिओच्या बाजूबद्दल लिहितो.

स्टुडिओ, ग्रीन स्क्रीन, डिजिटल पाटी यांचं कोटेशन कुणी आणलं तर बाजूला ठेवा. टेबलावर कोरा कागद, वर स्टँडला उलटा लावलेला फोन, काळं स्केचपेन. दिवे दोन, डाव्या-उजव्या बाजूंनी, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. पंखा बंद. खर्च करायचाच तर कॉलर माइकवर करा. चित्र थोडं खराब असलं तर मुलं चालवून घेतात, आवाज घुमला तर पहिल्याच मिनिटाला बंद करतात.

लांबी ६ ते ८ मिनिटं, एका व्हिडिओत एकच संकल्पना. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंवर २०१४ साली झालेल्या अभ्यासात, व्हिडिओ कितीही लांब असला तरी मुलं सलग बघण्याचा मध्य सहा मिनिटांपलीकडे जात नव्हता. मधे एका ठिकाणी 'इथे थांबा, वहीत उत्तर लिहा, मग पुढे बघा' असं सांगा. आयआयटी मुंबईच्या एलसीएम (विद्यार्थीकेंद्री ऑनलाइन अभ्यासक्रम) पद्धतीत असे थांबे व्हिडिओच्या रचनेचाच भाग आहेत.

रेंजसाठी: मूळ फाइल पाठवू नका. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ४८० पी, सेकंदाला १५ फ्रेम, व्हिडिओ ३०० केबीपीएस, आवाज मोनो ६४ केबीपीएस. कागदावरच्या अक्षरांना एवढं पुरतं आणि सहा मिनिटांची फाइल १६-१७ एमबीत बसते. यूट्यूबवर अनलिस्टेड टाका, तीच फाइल ग्रंथालयातल्या एका संगणकावर ठेवा, आणि सीआरने (वर्गप्रतिनिधीने) तिथून घेऊन वर्गातच क्विक शेअरने पसरवावी. एसटीत बसल्यावर डाउनलोड होईल या भरवशावर राहू नका, एसटीत बसण्याआधी फोनमध्ये असली पाहिजे.

भाषा: बोलणं मराठीत, कागदावर लिहिणं इंग्रजीत. पेपर इंग्रजीत लिहायचा आहे, पण पहिल्यांदा समजून घेताना भाषेचं ओझं कशाला?

तयार व्हिडिओ वापरता येतात, पण स्वयम-एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांतलं अर्ध्या तासाचं व्याख्यान अख्खं पाठवणं म्हणजे फ्लिप नाही, नुसतं व्याख्यान वर्गातून घरी नेणं झालं. 'मिनिट ११ ते १७ बघा' असं लिहून द्या. फिजिक्सवाल्यांनी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स बघावीत. बरीचशी मराठीत आहेत आणि एचटीएमएलवाली एकदा उतरवली की नेटशिवाय चालतात.

लंबक

एक भर. घरचं साहित्य व्हिडिओच हवं असं नाही. पाठ्यपुस्तकाची चार पानं आणि 'वाचताना या तीन प्रश्नांची उत्तरं शोधा' असा अर्धा पानी कागद, हेही चालतं. ज्या शिक्षकाला कॅमेऱ्यासमोर बोलायचंच नाही त्याला इथून सुरुवात करू द्या.

फेटचा विषय निघालाच आहे तर सर्किट किटवरचा एक प्रश्न: तीन सारखे बल्ब, एक सिरीजमध्ये आणि पुढचे दोन पॅरललमध्ये. पॅरलल जोडीतला एक काढला तर उरलेल्या दोघांचं काय? पहिला मंद होतो, जोडीतला उरलेला उजळतो. आधी तोंडी उत्तर, मग सिम्युलेशन. उलट क्रमाने केलं तर नुसती करमणूक होते.

आयक्यूएसी_तालुका

टायट्रेशन मॅडम, बफरचा कागद जसाच्या तसा केमिस्ट्री विभागाकडे दिलाय. आता आणखी तीन अडचणी. फॉर्मला गुण द्यायचे का? पोर्शन पूर्ण होणार का? आणि मुलं प्राचार्यांकडे जाऊन 'सर शिकवतच नाहीत' म्हणाली तर?

लंबक

गुण द्या, पण थोडे. इंटर्नलमधले पाच, आणि ते वेळेत भरल्याबद्दल, उत्तर बरोबर आहे म्हणून नाही. बरोबर उत्तराला गुण ठेवले की मुलं चूक दाखवत नाहीत आणि तुमच्या हातात वर्गाचं खोटं चित्र येतं.

पोर्शन: दोन क्रेडिटच्या पेपरला ३० तास. त्यातले ६ ते ८ फ्लिप करा, बाकी नेहमीसारखे. जिथे मुलं दरवर्षी त्याच जागी अडखळतात ते घटक निवडा. वर्गीकरणाची लांबलचक यादी फ्लिप करून फार काही हाती लागत नाही.

टायट्रेशन

गुणांबद्दल मी असहमत. फॉर्म भरल्याचे गुण ठेवले की रात्री साडेआठला एकाचा स्क्रीनशॉट वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो आणि ९० फॉर्म सारखे येतात. त्यापेक्षा गुण वर्गातल्या चिठ्ठीला द्या. ती सोडवायला घरचं बघितलेलं लागतं, आणि समोर बसून लिहायची असते. सत्रात आठ चिठ्ठ्या, सर्वोत्तम पाच धरायच्या. एसटी चुकली, आजारी पडलं, हे सगळं त्यात सामावतं.

पूर्वपक्ष

थोडा विरोधी सूर लावतो. 'फ्लिप्ड' या नावाला जरा जास्तच भाव मिळतोय. २०१४ साली विज्ञान-अभियांत्रिकीच्या २२५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याचं प्रमाण ३३.८ टक्के, कृतिशील वर्गांत २१.८. पण ते कृतिशील अध्यापनाबद्दल आहे, व्हिडिओबद्दल नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत जीवशास्त्राच्या दोन वर्गांची तुलना झाली, एक फ्लिप्ड आणि दुसरा नेहमीचा पण तितकाच कृतिशील. निकालात फरक पडला नाही. म्हणून ज्यांच्याकडे रेंज नाही, वेळ नाही, त्यांनी व्हिडिओ सोडून द्यावेत आणि नेहमीच्या तासात टायट्रेशन यांच्यासारखे दोन प्रश्न टाकावेत. तेही प्रशिक्षणात 'यश' म्हणून मोजा.

'सर शिकवत नाहीत' ही तक्रार येणार, ती गृहीत धरा. हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गांत २०१९ मध्ये हेच दिसलं: कृतिशील तासाला बसलेल्या मुलांनी चाचणीत जास्त गुण मिळवले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. गुळगुळीत व्याख्यान ऐकलं की समजल्यासारखं वाटतं, स्वतः अडखळलं की नाही वाटत. पहिल्याच तासाला दहा मिनिटं काढून मुलांना हे आकड्यांसकट सांगा, आणि प्राचार्यांना त्याआधी. पहिल्या चाचणीनंतर पुन्हा एकदा सांगा. सत्राच्या शेवटी विद्यार्थी अभिप्रायात या शिक्षकांचे गुण थोडे घसरले तर ते त्यांच्याविरुद्ध वापरले जाणार नाहीत, हे आयक्यूएसीनेच ठरवायचं आहे. म्हणजे तुम्हीच.

कॉलर_माइक

पक्क्या बाकांबद्दल कुणी लिहिलं नाही. विषम क्रमांकाच्या बाकांवरची मुलं मागे वळून बसतात, दोन अधिक दोन असा चौघांचा गट होतो. तीन जणांचे बाक असतील तर मधली जागा रिकामी ठेवा, नाहीतर मधला दोन्हीकडे बघत राहतो. उत्तर दाखवायला ए-फोर कागद घडी घालून चार भाग, प्रत्येकावर मोठं अ, ब, क, ड. छातीशी धरायचा, डोक्यावर नाही, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाही. पुढे उभं राहून प्रमाणाचा अंदाज डोळ्यांनी येतो, ॲपची गरज नाही.

आयक्यूएसी_तालुका

अभिप्रायाचा मुद्दा पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतलाय. झूलॉजीचे शिक्षक म्हणतात, 'आमच्यात गणितं नाहीत, आम्ही वर्गात काय विचारणार?' त्यांच्यासाठी एखादं उदाहरण?

टायट्रेशन

मिऑसिस, म्हणजे युग्मकं तयार करणारं पेशीविभाजन. घरी टप्प्यांचा व्हिडिओ. वर्गात प्रत्येक गटाला लोकरीचे आठ तुकडे, चार लाल, चार निळे, १५ सेंमीचे. प्रत्येक रंगात दोन लांब ठेवायचे, दोन कापून आखूड. सारख्या रंगाचे आणि लांबीचे दोन तुकडे मधे गाठ मारून जोडले की प्रत बनलेलं एक गुणसूत्र. लाल-निळी लांब जोडी आणि लाल-निळी आखूड जोडी, म्हणजे पेशीत एकूण चार गुणसूत्रं, २एन बरोबर ४. ११० मुलांना २८ संच, एकूण ३४ मीटरच्या आसपास लोकर.

प्रश्न पहिला: ॲनाफेज एकमध्ये गाठ सुटते का? अनेक गट सोडतात, कारण डोक्यात मायटॉसिस (नेहमीचं पेशीविभाजन) असतो. दुसरा: लांब जोडी पहिल्या विभाजनात वेगळीच झाली नाही तर चार युग्मकांत किती-किती गुणसूत्रं? ३, ३, १, १. तिसरा: पहिलं विभाजन नीट झालं, दुसऱ्यात एकाच पेशीत एका गुणसूत्राची गाठ सुटली नाही तर? २, २, ३, १. मग विचारा, चारही युग्मकं बिघडलेली मिळाली तर चूक कोणत्या विभाजनात झाली असणार. हे बाकावर धागे सरकवत करायचं, वहीत आकृती नंतर. गाठी सैल मारायला सांगा, घट्ट बसल्या की सोडवण्यातच तास जातो.